लाल टिकलीची वायर

दवाखान्यात सुमनला शेवटचं भेटलो तेव्हा ती म्हणाली, "झाडताना लाल टिकलीची वायर ओढू नका." मी म्हटलं, बरं. बाईमाणूस जायला टेकलंय आणि वायरीचं काय घेऊन बसलंय... पहाटे फोन आला, माझी बायको गेली म्हणून. तिला तेवढंच सांगायचं होतं, की आणखी काही राहिलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी चौथी शिकलेला. स्वारगेटच्या डेपोत टायर बदलण्यात जन्म गेला. सुमन तरी कुठं फार शिकलेली? पण मुलगी वैशाली परदेशी गेली, कात्रजच्या आमच्या घरात इंटरनेटचा डबा आला, तेव्हा बसवायला आलेल्या माणसाकडून हिनं सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग आरशावरच्या टिकल्या काढून डब्याच्या मागं लावल्या. बाहेरून येणाऱ्या वायरीला लाल, ती जाते त्या भोकालाही लाल. टीव्हीच्या वायरीला आणि तिच्या भोकाला हिरवी. मी विचारलं, "आणि टॅबला?" म्हणाली, "तो घरभर फिरतो, त्याला हवेतून मिळतं. टीव्ही जागचा हलत नाही, म्हणून त्याला वायर. तुमच्यासारखाच तो."

तेराव्याच्या आधी माझी बहीण शालू घर आवरायला लागली. वायरी उपटून डबा पुसला, टिकल्या खरवडून काढल्या. म्हणाली, "गेलेल्या बाईच्या टिकल्या अशा ठेवू नयेत, दादा." माझं डोकंच चालत नव्हतं.

वैशाली नुकतीच बाळंत झालेली, तिला येता आलं नाही. महिन्याच्या श्राद्धाला आईच्या फोटोला नमस्कार करायचा होता, तो टॅबवरूनच. मी वायरी जोडायला बसलो. सगळ्या वायरी सारख्या, सगळी भोकं सारखी. एकदा तर एकाच वायरीची दोन्ही टोकं मी त्याच डब्यात घातली. शालू म्हणते, "दिवे तर लागलेत की." लागलेत. टॅबवर रेंजही पूर्ण, आणि चालत मात्र काही नाही. रेंज आहे तर नाही काय, हे मला कुणी सांगेल का... गुरुजी ताटकळलेले. माझ्या साध्या फोनवर वैशालीचा फोन आला. "बाबा, आई काय करायची ते आठवा ना जरा."

डबा उलटा केला. भिंतीकडच्या कडेच्या भोकाखाली अर्धी लाल टिकली शालूच्या नखातून वाचलेली. आणि वायर? जी खिडकीतून आत आलीय ती. एवढं मलाही कळलं. घातली. जरा वेळानं वैशाली दिसली, बाळासकट. "बाबा, टॅब खाली करा, नुसतं छत दिसतंय." फोटो दाखवला. ती रडली, शालू रडली. मी टॅब धरून उभा... कुणाकडं बघावं कळेना.

दुसऱ्या दिवशी मंडईजवळ टिकल्या घ्यायला गेलो. दुकानातली बाई म्हणाली, "काकूंना कुठली लागते?" म्हटलं, "काकू गेल्या. वायरीला पाहिजे." ती म्हणाली, "वायर केवढी आहे?" मी करंगळी दाखवली. तिनं बारकी टिकली काढली. म्हटलं, "नको. मोठी द्या, लाल. ती लावायची तसली."

लाल आता जागेवर आहे. हिरवी लावलेली नाही, टीव्ही बघतंय कोण. झाडतो मीच. डब्यापाशी आलो की झाडू बाजूला ठेवतो, आणि तिथला केर हातानं काढतो.