धुळ्याच्या काचपेटीतली गुलाबाई

जायचं ठरलं ते पाठक सरांच्या निरोपामुळे. धुळ्यातल्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयाचं सगळं काम हे सर बघतात. त्यांनी खान्देशातल्या घरगुती कलांचं प्रदर्शन मांडलं होतं आणि त्यात मी घडवलेली गुलाबाई होती. कोजागिरीच्या संध्याकाळी आसपासच्या गल्ल्यांतल्या पोरीबाळी येऊन तिच्यासमोर गाणी म्हणणार होत्या. शेवटी सर जाहीर करणार होते की ही मूर्ती आता कायमची संग्रहालयाची, खाली माझ्या नावाची पाटी. अशा दिवशी घरी कोण बसेल?

मी यावलला दुकानांच्या पाट्या रंगवतो. कलाशाळेची पायरी कधी चढलो नाही, जे येतं ते बघून बघून शिकलो. म्हणूनच माझ्या कामात कोणी चूक काढलेली मला खपत नाही, आणि काढायला जागाही मी सहसा ठेवत नाही. ही गुलाबाई तापीकाठच्या कच्च्या मातीची. नथीच्या मोत्यांसाठी मोहरीचे दाणे बसवले. लुगड्याचा काठ माझ्या आईच्या लुगड्यावरून हुबेहूब उतरवला. कपाळावर आधी लाल रंग लावून पाहिला, तर तो उजेडात चमकायला लागला. कुंकू चमकत नाही, ते कपाळात मुरतं. मग रंग खरवडला आणि बायकोच्या करंड्यातलं कुंकू लावलं. महिन्यापूर्वी संग्रहालयाची जीप येऊन तिला घेऊन गेली. त्यानंतर तिला बघायला मी आत्ताच निघालो होतो.

ज्यांना इकडून धुळ्याला जायचं आहे त्यांनी सरळ गाडीची वाट बघत बसू नये. भुसावळमार्गे जळगाव गाठावं, तिथून धुळ्याच्या एस.टी. दिवसभर मिळतात. सकाळी निघालात तर खिडकी डावीकडची धरू नका, उन्हाने भाजून निघाल. यावल सोडताना केळीच्या बागा, एरंडोलच्या पुढे दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. पारोळ्याला गाडी चहापुरती थांबते. तिथली भजी चांगली आहेत, चटणी मात्र आधी बोटावर घेऊन बघा. रस्ता तेवढा वाईट नाही, पण मागच्या सीटवर बसू नका.

शेजारी भडगावकडचे एक गृहस्थ होते. मी कुठे निघालो ते ऐकून त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "जुन्या वस्तू बघायला एवढ्या लांब कशाला जाता भाऊ? आमच्या घरी या. नव्वदीचे नाना ओट्यावरच बसलेले असतात."

आख्खी एस.टी. हसली. मीही हसलो, पण थोडं लागलं.

धुळ्यात स्टँडजवळच्या खाणावळीत शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. तिखट खाण्याची सवय नसेल तर रस्सा वेगळा मागा, देतात. तिथून संग्रहालय चालत जाण्यासारखं आहे. सोमवारी बंद, एरवी सायंकाळपर्यंत उघडं. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फरशी चांगलीच गार असते.

पहिल्या दालनात शिरलो आणि जागीच थबकलो. काचेच्या कपाटात सूप होतं. साधं बांबूचं सूप, आमच्याकडे तांदूळ पाखडायला रोज लागतं तसं. खाली पाटी: 'धान्य पाखडण्याचे साधन'. शेजारच्या भिंतीवर गोधडी टांगलेली, वरून तिच्यावर खास दिवा सोडलेला. माझ्यापुढे उभी असलेली बाई मैत्रिणीला सांगत होती की असंच सूप तिने होळीत टाकलं, आता वाईट वाटतंय. पुढच्या दालनात पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवरचे लाकडी मुखवटे होते, तेही सुंदर. एका कोपऱ्यात शाळेची मुलं चिखलात हात घालून बैल करत होती. हे दालन मात्र चुकवू नका.

माझी गुलाबाई तिसऱ्या दालनात मधोमध होती. काचपेटी, वर ट्यूबलाइट. मी तीन बाजूंनी फिरून बघितलं. प्रवासात एक मोतीही हलला नव्हता. पाटीवर 'कच्ची माती' आणि त्याखाली माझं पूर्ण नाव. खोटं कशाला सांगू, ते नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं.

संध्याकाळी पोरी आल्या, त्यांच्या आया आल्या, आणि सगळ्यांच्या पुढे सोनाअक्का. मागच्या गल्लीतल्या या म्हाताऱ्या बाई, त्या भागातल्या गुलाबाईची गाणी त्यांच्याशिवाय होत नाहीत असं सरांनी सांगितलं. वातावरण यावं म्हणून सरांनी पेटीची काच काढून ठेवली होती. पोरींनी टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हटली. मग खाऊ ओळखायचा खेळ झाला. झाकलेला डबा खुळखुळवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. मलाही ओळखता आलं नाही, खारे दाणे होते. सगळा डबा आधी गुलाबाईपुढे ठेवला, मग वाटला.

सर भाषणाला उभे राहिले. इतक्यात सोनाअक्कांनी पदर खोचला आणि दोघी बायकांना घेऊन मूर्तीकडे चालू लागल्या. त्या तिला उचलत आहेत हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला.

सर धावले. ही प्रदर्शनातली वस्तू आहे, हिला हात लावता येणार नाही, असं ते सांगू लागले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "पोरीसनी गाना म्हन्यात, खाऊ दिधा. आज कोजागिरी शे. आते तिले वाटे लावनं पडी. माहेरले येल पोर, तिले पेटीमा कितला दिन कोंडशात?"

आमच्याकडे गुलाबाई महिनाभर माहेरी येते आणि कोजागिरीला तिला पाण्यात सोडून सासरी धाडतात. हे सरांना माहीत होतं, मलाही होतंच. पण काचपेटीतल्या मूर्तीला ते लागू होईल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. सर म्हणाले, हिची पूजा झालेली नाही, ही नुसती कलाकृती आहे. अक्का वाकल्या, मूर्तीचं कपाळ जवळून बघितलं, आणि घडवणारा कोण म्हणून विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"खरं सांग भाऊ. हाई कुकू शे का रंग शे?"

सर माझ्याकडे बघत होते. 'रंग' म्हणालो असतो तर ती तिथेच राहिली असती, खाली माझ्या नावाची पाटी घेऊन, मी गेल्यावरही. दोन अक्षरी शब्द, पण तो ओठांवर येईना. मी स्वतःच्या हाताने रंग खरवडून काढला होता.

"कुंकू," मी म्हणालो. "घरच्या करंड्यातलं."

सर खुर्चीवर बसले. बायका मात्र उचलायच्या थांबल्या. अक्का बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "मंग तू उचल. तू तिना बाप शे."

पांझरा नदी तिथून जवळ आहे. पुलाच्या खाली, जिथे पाणी जरा वाहतं तिथे, पोरी गाणी म्हणत पुढे आणि मी मूर्ती छातीशी धरून मागे. चंद्र नुकताच वर आला होता. मी पाण्यात उतरलो, तिला टेकवलं आणि हात सोडायचेच विसरलो. कच्ची माती. बोटांखाली काठ विरघळला, मग निऱ्या. मोहरीचे दाणे वर तरंगून आले, आणि प्रवाहात लागले. इतकं बारीक काम इतक्या पटकन जातं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. अक्कांनी खांद्याला धरून मला बाहेर काढलं आणि ओंजळभर खारे दाणे हातावर ठेवले.

पाठक सरांनी रात्रीचं दूध माझ्याबरोबरच घेतलं. भडकले असते तर मला बरं वाटलं असतं. ते इतकंच म्हणाले की दुसरी करून पाठवा, या खेपेला लाल रंगाने.

परतीच्या गाडीत मी झोपलो नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, लाल रंगाची करणार का? मी माती भिजवली, मूर्ती घडवली, कपाळापाशी येऊन अडलो. रंग लावला की ती मला ओळखेना. काही न लावता ठेवली तर तिच्याकडे बघवेना. शेवटी करंडा मागितला.

सरांना कळवलं ते असं: दर वर्षी एक गुलाबाई मी देईन, कुंकवासकट. महिनाभर दाखवा, कोजागिरीला सोनाअक्कांच्या हवाली करा. उरलेले दिवस पेटी रिकामी ठेवा, पाटी काढू नका. सरांनी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. मग जीप आली.

तेव्हा धुळ्याला जाल तर भाद्रपदाच्या पौर्णिमेनंतर जा, ती भेटेल. कोजागिरीनंतर गेलात आणि तिसऱ्या दालनात रिकाम्या काचेखाली माझं नाव दिसलं, तर तिथल्या माणसाला मूर्ती चोरीला गेली का म्हणून विचारू नका. पोर सासरी गेली आहे.