माइकअण्णांचं उमेदवारीचं भाषण

माइकअण्णांना पक्षाच्या कार्यक्रमात कुणी कधी बसलेलं पाहिलं नाही. व्यासपीठाच्या कोपऱ्यात माइक धरून हा गृहस्थ उभाच. बेव्हर्ली पार्कला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, त्यामुळे खुर्च्या मांडायला मला ओढून नेणं हा ते आपला हक्क समजत. आणि मीही जायचो, कारण त्यांना नाही म्हणणं जमायचं नाही.

सगळ्यात जीव खायची ती निवडणूकनिधीची स्नेहभोजनं. भाईंदरच्या कुठल्यातरी हॉलात बिल्डर, व्यापारी महागडी कुपनं घेऊन यायचे आणि जेवणाआधी भाषणं ऐकायचे. शाल, श्रीफळ, भाषण, पुन्हा शाल. विकास तोच, पाणी तेच, फक्त वक्ते बदलायचे. तोवर पनीर गारढोण. मी वैतागलो की अण्णा म्हणत, "अरे, भाषणानं भूक तरी लागते. चालायचंच."

त्यांना स्वतःला मात्र कधी कंटाळा येत नसे. एक भाषण त्यांनाही करायचं होतं, उमेदवार म्हणून. पण नगरसेवकाच्या तिकिटाची वेळ आली की पक्षाचे साहेब "पुढच्या वेळी नक्की" म्हणत कोपराला गूळ लावायचे. त्या वर्षी मात्र साहेबच म्हणाले, "अण्णा, तुमच्या वॉर्डाच्या उमेदवाराचं नाव स्नेहभोजनात जाहीर करू. वहिनींनाही आणा." काकू आल्या, नवी साडी नेसून. माझ्या शेजारीच बसल्या.

आयत्या वेळी साहेब अण्णांच्या कानाला लागले. अण्णांनी मान डोलावली. मग घसा साफ करून त्यांनी हाटकेश भागातल्या एका बिल्डरच्या पुतण्याचं नाव खणखणीत आवाजात जाहीर केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंकडे बघायचा धीर होईना.

पुतण्या जेमतेम पंचविशीचा. माइकपुढे आला आणि त्याची बोबडीच वळली. "अण्णा, मैं क्या बोलूं? मराठी में बोलना पडेगा ना?"

अण्णा त्याच्या मागे उभे राहिले आणि हळू आवाजात एकेक वाक्य सांगू लागले. पोरगा जसंच्या तसं म्हणत गेला. "या वॉर्डातल्या पाण्यासाठी मी वीस वर्षं टँकरमागे धावलोय," हेसुद्धा म्हणाला! कुणाला काही खटकलं नाही. वाढपी झाकणं उघडत होते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. टाळ्या मात्र दणकून पडल्या.

घरी येताना रिक्षात मी साहेबांच्या नावानं बोटं मोडत होतो. अण्णा इतके दमलेले मी कधी पाहिले नव्हते.

"ते जाऊ दे रे," शेवटी ते म्हणाले. "भाषण कसं झालं ते सांग."

काकू रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "घरी म्हणून दाखवायचात ना, तेव्हा जास्त चांगलं वाटायचं."