वडखळ नाक्यावरची तांडेलाची शिकवणी

पेणहून रोह्याला सायकलने निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये दोनच महत्त्वाच्या वस्तू होत्या: पंक्चर काढायची डबी आणि राजीनामा. यातली कोणती वापरायची ते वडखळचा नाका ठरवणार होता.

पुणेकर मंडळींनो, हसू नका. आपण सायकलवरच जन्माला येतो अशी माझीही समजूत होती. पंच्याण्णव साली कासूजवळच्या एका गावात शाळेत नोकरी लागली, पेणला खोली घेतली आणि पहिल्याच सोमवारी ऐटीत घंटी वाजवत निघाले. वडखळला रस्ता फुटतो. एक फाटा धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला जातो, दुसरा डावीकडे वळून कासू, नागोठण्याकडे. मी डावीकडे वळले आणि माझ्याबरोबर एक ट्रकही वळला. मी घंटी वाजवली. पुण्यात घंटीला थोडाफार मान असतो, इथे मी थेट गटारात गेले.

तेव्हापासून नाका दिसला की मी उतरायची आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघायची. तो नाका कधी मोकळा होत नाही, तिथे फक्त गाड्या बदलतात. लांबच्या यष्ट्या कासूला थांबत नाहीत आणि सकाळच्या पॅसेंजरची वेळ जुळत नाही. रोज उशीर व्हायचा. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, वेळेवर जमत नसेल तर तसं लिहून द्या." ते राहायला रोह्याला. म्हणून जानेवारीतल्या त्या रविवारी मी ठरवलं, सायकलनेच त्यांच्या घरी जायचं. नाका जमला तर नोकरी, नाही जमला तर यष्टीने जाऊन हातात कागद.

पेणबाहेर कारखान्यांच्या अंगणात बिनरंगाचे गणपती उन्हाला बसले होते. पुढे मिठागरं लागली. मिठाच्या पांढऱ्या राशी, बगळे, आणि खाडीवरून येणारा खारट वारा. काय सकाळ होती! नाका दिसेपर्यंत मी गात होते.

नाका दिसला आणि पाय आपोआप खाली आले. शेजारच्या चहाच्या टपरीवरून आवाज आला, "मॅडमबाय, रोज बगतो तुला. उतरतेस नि खांबावानी उभी ऱ्हातेस. ये, च्या पी."

हे हिराजीतात्या. उभं आयुष्य धरमतरच्या खाडीत बार्जवर (माल नेणारी सपाट तळाची मोठी बोट) तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून गेलेलं. आता टपरीवरच्या बाकड्यावर बसून ते नाका बघायचे.

"गटारात पडलीस तवा व्हतीस कुटं? ट्रकच्या कुशीत."

"मी माझ्या डाव्या बाजूनेच चालले होते," मी नियम सांगितला.

"नियम तुला ठावं हाय. ट्रकला ठावं हाय का?" त्यांनी बाकावर चहाचा ग्लास ठेवला, त्याच्या डावीकडे एक बिस्कीट ठेवलं आणि ग्लास डावीकडे वळवला. बिस्किटाचा चुरा झाला. "बार्ज वळतो तवा त्याच्या कुशीतली होडी तांडेलाला दिसतच नाय. मागून ये, नायतर पुरती पुढं हो. कुशीत शिरू नको गो."

"आणि मी कडेनेच..."

"काठाला चिकटू नको. काठाला चिखल. हात आदी दाव नि मधल्या पान्यात ऱ्हा."

"मागचा हॉर्न वाजवेल ना!"

"वाजवू दे की. हॉर्न वाजवला म्हंजे तू दिसलीस."

मी बिस्किटाचा चुरा खाल्ला आणि निघाले. एक ट्रक पुढे जाऊ दिला, त्याच्या मागे रांगेत शिरले, मागे वळून बघितलं, हात बाहेर काढला आणि गटारापासून चांगली लांब राहिले. मागच्या बसने कर्कश हॉर्न दिला. मला आयुष्यात दुसरा कुठलाही हॉर्न इतका गोड लागलेला नाही! वळले! गटार जागच्या जागी राहिलं आणि मी कासूच्या रस्त्याला लागले. मागून तात्या ओरडले, "जमला गो, जमला!"

कासूजवळ माझी शाळा कुलूप लावून बसली होती. तिला मी उगाचच हात दाखवला.

नागोठण्याला मात्र फुगा फुटला. रोह्याला जायला तिथे उजवीकडे वळावं लागतं. हात दाखवला, मध्ये आले, पण समोरून टेम्पो येताना दिसला आणि माझी नजर त्याच्या चाकांना चिकटली. सायकल डगमगली. टेम्पो कचकन थांबला आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"ओ बाई, चाकाकडं काय बगताय? माझ्याकडं बगा! तुमी जातायसा का थांबतायसा ते चाकाला काय कलतंय?"

बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. पुढे भिसे खिंडीचा चढ मी सायकल हातात धरून चढले आणि उतारावर वारा पिऊन अपमान विसरले. खाली कुंडलिका नदी आणि रोहा दिसल्यावर मी एकटीच मोठ्याने हसले.

मुख्याध्यापक दारात आले. माझा अवतार आणि सायकल बघून म्हणाले, "वडखळ नाक्यावरून? या हिच्यावर?"

त्यांच्या पत्नीने पाणी दिलं आणि तांदळाची भाकरी नि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) पुढे ठेवलं. तीन भाकऱ्या झाल्यावर सरांनी विचारलं, "काही द्यायला आला होतात का?"

"हो," म्हणून मी पेणच्या पोह्याच्या पापडांचं पुडकं दिलं. "उद्या प्रार्थनेला असेन."

"बघू या," सर म्हणाले.

बढाई मारून बसले खरी, पण परतताना वडखळला उजवीकडे वळायचं होतं. नागोठण्याला जे फसलं तेच, आणि इथे तर तीन दिशांनी वाहनं.

उन्हं कलताना नाक्यावर पोचले, तर अलीकडेच तात्या पिशवी घेऊन उभे. "पेणला लेकीकडं जायचं हाय. यष्टी थांबत नाय."

"सायकल का नाही घेत तुम्ही?"

"मला कुटं येते सायकल?"

"मग सकाळी मला काय शिकवलंत?"

"सायकल कवा शिकिवली? मी तुला पानी शिकिवलं."

आता मागे कसली हटते! म्हटलं, "बसा मागे."

ते बसले. सायकल मागे दबली. पहिल्या खेपेला जागा मिळाली नाही. मी पाय टेकून थांबले आणि त्यात कमीपणा वाटला नाही. "भरती नाय मिलाली तर नांगर टाकावा," मागून तात्या पुटपुटले.

मग अलिबागकडून टँकर येताना दिसला. मी हात उंच केला आणि चाकं सोडून वर बघितलं, थेट ड्रायव्हरच्या तोंडाकडे. त्यानेही बघितलं. मान हलवली. टँकर थांबला! पेणहून येणाऱ्या जीपवाल्याच्याही डोळ्यांत बघितलं आणि पॅडल मारलं. मध्यातून, न डगमगता, मागे आख्खा तांडेल घेऊन, मी वडखळचा नाका ओलांडला.

पलीकडे जाऊन थांबले. वळून बघते तर तात्यांनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरलेली आणि डोळे गच्च मिटलेले.

"तात्या! मी ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघतेय आणि तुम्ही डोळे मिटता?"

त्यांनी एक डोळा उघडून नाका मागे गेल्याची खात्री केली. "तांडेल तू हायस ना आता? मंग मी कशाला बगू?"

पेणपर्यंत मला ते ओझं जाणवलं नाही. इतका विश्वास माझ्यावर घरच्यांनीही कधी टाकला नव्हता, आणि मी स्वतः तर नाहीच.

सोमवारी नाक्यावर एकदा थांबले, एकदा हात केला आणि प्रार्थनेच्या कितीतरी आधी शाळेत पोचले. फाटकातच चेन मात्र उतरली. प्रार्थना संपली, हजेरी झाली, चेन बसवून झाली, तेव्हा मुख्याध्यापक धापा टाकत फाटकातून आले. त्यांची पॅसेंजर लेट झाली होती. मी व्हरांड्यात उभी होते, चेनच्या ग्रीसचे हात राजीनाम्याला पुसत.