रहीमचाचांनी जमवलेली झाडं

आज आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा वर्धापनदिन होता. घरी आले तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते.

कार्यक्रमाला दुधनीहून एसटीने रहीमचाचा आले होते. आमचे जुने लॅब अटेंडंट, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. जिल्हाभर हिंडून त्यांनी शेकडो रोपं आणली, वाळवली आणि कागदावर शिवून कपाटात लावली. विभागाचं हर्बेरियम म्हणजे त्यांचीच मेहनत.

विभागाच्या इतिहासावर भाषण चालू होतं. चाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, एकदा कपाट दावा की."

मी उघडलं. कागदावर नावं होती, पण झाडं नव्हती. किड्यांनी सगळ्याचा भुसा केला होता.

चाचांनी एक कागद उचलून त्यावरचं नाव वाचलं. "ही उजनीकाठची. आता तितं सगळा ऊस हाय. ही परत न्हाय मिळायची." मग विचारलं, "डांबरगोळ्या कोण टाकत न्हाय का?"

"तुमची जागा भरलीच नाही, चाचा," मी म्हणाले.

ते खरंच आहे. पण कपाटाची किल्ली सहा वर्षं माझ्याच पर्समध्ये होती, हे काही तोंडातून निघालं नाही.

चाचा स्वतःच्या सत्काराला थांबले नाहीत. त्यांना द्यायची शाल माझ्याकडेच राहिली.

फोन करून त्यांना खरं सांगू का? की त्यानं फक्त माझंच मन हलकं होईल?