कोंबड्यांचा मसाला

माझ्या पहिल्या नोकरीच्या कार्डावर 'तांत्रिक अधिकारी' असं छापलं होतं. काम होतं कोंबड्यांना लसूण खायला घालण्याचं.

घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. त्यामुळे माझ्या बी.एस्सी.चं प्रमाणपत्र आईने देव्हाऱ्यात गणपतीच्या शेजारी ठेवलंय. उदबत्तीच्या धुराने त्याचा एक कोपरा पिवळा पडला आहे. गावात तिने सांगून टाकलं, "पोरगं चाकणला डॉक्टर झालंय." कुणाचा डॉक्टर, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आमची कंपनी म्हणजे एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याचं एक गोडाऊन. लसूण, ओवा, हळद, दालचिनी यांचे अर्क पावडरीत मिसळून आम्ही कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकायचो. पुष्कळ पोल्ट्रीवाले धडधाकट पक्ष्यांनाही रोज पाण्यातून अँटिबायोटिक देतात. ते बंद करून हे द्यावं, एवढाच हेतू. हेतू उत्तम होता, वास भयंकर होता. संध्याकाळच्या बसमध्ये शिफ्ट सुटलेली माणसं दारात लोंबकळत असायची आणि माझ्या शेजारची सीट रिकामी. मोशीपर्यंत मी पाय पसरून यायचो. शिक्षणाचा हा फायदा कॉलेजात कुणी सांगितला नव्हता.

कंपनीच्या साहेबांना एक शेड हवं होतं, जे पिल्लांची एक पूर्ण बॅच विक्रीपर्यंत आमच्या पावडरीवर वाढवेल. मला काकू भेटल्या. त्यांची बाकी जमीन कधीच कारखान्यांखाली गेली होती. दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये त्यांचं कोंबड्यांचं शेड उरलं होतं. ते चालवायच्या काकू एकट्या. काका दिवसभर पांढऱ्या शर्टात खुर्चीवर बसून जमिनीचे भाव बोलायचे.

मी वही उघडून समजावून सांगितलं. "अँटिबायोटिक रोज दिलं की जंतू त्याला सरावतात. मग खरंच आजार आला की औषध लागू पडत नाही. कोंबडीलाही नाही, माणसालाही नाही."

"म्हंजी आमच्या ह्यांच्यावानी," काकू म्हणाल्या. "रोज वरडून वरडून आता कायबी लागू पडत न्हाई."

काकांनी पेपरचं पान उलटलं.

काकूंनी पिशवीतली चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली. "मसाला झ्याक हाय. मीठ तेवढं कमी हाय."

"काकू, मसाला नाही. फायटोजेनिक फीड अ‍ॅडिटिव्ह."

"व्हय व्हय, त्योच. मसाला."

मला खरंच राग आला. तो शब्द पाठ करायला मला दोन दिवस लागले होते. शिवाय साहेबांची सक्त ताकीद होती, मसाला म्हणू द्यायचं नाही, त्याने किंमत जाते.

काकू तयार झाल्या, पण एक गोष्ट त्यांनी आधीच सांगितली. "ह्यांनी एजंट आणून शेड टेपनं मोजून ठेवलंय. गोडाऊन करून भाड्यानं द्यायचं म्हंत्यात. ही बॅच बसली तर शेड गेलं, सायेब. या घरात माझं म्हनावं असं तेवढंच हाय."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "काकू, मी आहे ना." असं बोलायला काही लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी काकूंचा फोन आला. पक्षी पंख पाडून कोपऱ्यात गोळा झालेत आणि हगवणीत रगात दिसतंय. मी पोचलो, बघितलं आणि साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "डोस दुप्पट कर. डॉक्टर-बिक्टर बोलावू नकोस, रिपोर्ट खराब होईल."

मी डोस दुप्पट केला. मनात शंका होती असं लिहायला आवडलं असतं, पण नव्हती. साहेब इंग्रजीतून बोलायचे, आणि मला तेव्हा इंग्रजीतून सांगितलेलं सगळं खरं वाटायचं.

संध्याकाळपर्यंत अकरा पक्षी मेले. काकूंनी ते पोत्यावर ओळीने ठेवले आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"सायेब, तुमाला हगवण लागली तर आई काय देती?"

"ताकभात."

"आन मसाला?"

"नाही देत."

"मग?"

पदवीच्या तीन वर्षांत इतका छोटा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी बाहेर जाऊन सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. साहेबांना नाही केला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. मेलेला एक पक्षी फाडून त्यांनी आतडं बघितलं. "रक्ती हगवण आहे. हिचं औषध वेगळं, पाण्यातून पाच दिवस द्या. तुझ्या लसणाने ही बरी होत नाही, आणि यांच्या जुन्या अँटिबायोटिकनेही ही थांबली नसती." मग खाली वाकून त्यांनी जमिनीवर पसरलेलं भाताचं तूस मुठीत दाबलं. मुठीतून पाणी आलं. "पाण्याचा पाईप गळतोय. ओल्या तुसात हे वाढणारच. तू दर दोन दिवसांनी येऊन काय बघत होतास?"

"वही," काकूंनी माझ्या वतीने सांगितलं.

त्या दिवशी आम्ही ओलं तूस खोऱ्याने बाहेर काढलं. काकू, मी, आणि दुपारनंतर पांढऱ्या शर्टातले काकासुद्धा. ते कुणी न बोलावता आले आणि तासाभरात त्यांचा शर्ट कुठल्या रंगाचा होता हे सांगता येईना. एकूण साठेक पक्षी गेले. बाकीचे पाचव्या दिवशी खाद्यावर तुटून पडले.

रिपोर्टात मी खरं लिहिलं, डॉक्टर आले, औषध दिलं. साहेब म्हणाले, "ट्रायल फेल."

"पाईप फेल झाला, साहेब."

त्यांनी मला काढलं नाही. त्या वासात काम करायला दुसरं कुणी मिळत नव्हतं.

बॅच विकली गेल्यावर मी शेडवर गेलो, तेव्हा काका आत टेप घेऊन उभे होते. काकू टेपचं दुसरं टोक धरून होत्या.

"नवा पाईप किती लागंल ते बघतोय," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

"आलास? तूस कोरडं हाय, हात लावून बघ," काकू म्हणाल्या. तूस उपसलं त्या दिवसापासून मी 'सायेब' राहिलो नव्हतो. "पिल्लं सोमवारी येनार. तेवढा तुजा मसाला आनून ठेव. आन कुनी आजारी पडलं तर पयला फोन डाक्टरला, तुला न्हाई."

मी खाली बसून तुसात हात घातला. "आणतो मसाला," म्हणालो.