सपाट काच

वायपरची नवी पट्टी हातात आली की स्टोअरच्या मॅडम आधी तिच्या रबराच्या कडेवरून अंगठ्याचं नख ओढत. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग समोरच्या माणसाकडे न बघता पट्टी काउंटरवर टाकत आणि म्हणत, "ही काच पुसणार नाही. चाटेल."

माणसांबद्दलचं त्यांचं मत साधारण तेवढ्याच वेळात तयार होत असे आणि पुढे बदलत नसे. माझ्याबद्दलचं तर पहिल्याच भेटीत झालं.

मी सांगलीहून झाशीच्या कारखान्यात तपासणी विभागात रुजू झालो होतो. आसपासच्या लहान कारखानदारांनी बनवलेले सुटे भाग त्यांच्याकडे जाऊन तपासायचे, हे माझं काम. हेल्मेट घ्यायला मोटार स्टोअरमध्ये गेलो तेव्हा कोणीतरी सांगितलं की तिथल्या मॅडम मराठी आहेत. चार दिवस कानावर मराठी पडली नव्हती. मी हसतमुखाने आत शिरलो आणि म्हणालो, "ताई, नमस्कार. मी सांगलीचा."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "मी तुमची ताई नाही. तुम्ही पाहुणे आहात. तीन वर्षं राहाल, बदली मागाल, जाल. इथे सही करा."

त्या दिवसापासून मी पाहुणे झालो. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या सगळ्यांनाच त्या पाहुणे म्हणत, पण माझ्या वाट्याला आलेल्या पाहुण्यात जरा जास्त कडवटपणा होता असं मला वाटे.

त्यांच्या घराण्याला झाशीत सात पिढ्या झाल्या होत्या. घर खंडेराव गेटच्या आत. त्यांच्या मराठीत 'तुम्हांस', 'कशास', 'ठाऊक' असे शब्द आणि मध्येच हिंदी. पुण्या-सांगलीच्या मराठीला त्या 'रेडिओची भाषा' म्हणत. नवरा याच स्टोअरमध्ये होता, काविळीने पंधरा दिवसांत गेला आणि त्याच्या खुर्चीवर या बसल्या. नवऱ्यामुळे सगळे ड्रायव्हर त्यांना भाभीजी म्हणत. त्यांनी सहा महिन्यांत पट्टा, बेअरिंग, फिल्टर सगळं नुसतं हाताने ओळखायला सुरुवात केली, असं जुने लोक सांगत.

अशा कडू माणसाच्या पोटात काहीतरी मोठं दुःख असणार, असं आपण धरून चालतो. तुम्हीही धरलं असेल. मी बरीच चौकशी केली. त्यांच्या जावेला एकदा एका लग्नात विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "छे हो, भाऊजी असतानाही ती अशीच होती. ते बिचारे जेवतानाही बोलत नसत."

आता त्या वायपरचं सांगतो.

मला फिरायला एक जुनी जीप मिळाली होती, उभ्या सपाट काचेची. ड्रायव्हर रामसेवक, जवळच्या बबीन्याचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. झाशीच्या मे महिन्यात काचेवर टेकलेलं रबर भाजून निघतं. जूनच्या सुरुवातीला बघितलं तर दोन्ही वायपरचं रबर तडकून लोंबत होतं. मी स्टोअरला चिठ्ठी पाठवली. उत्तरादाखल जुन्या पद्धतीचे, लोखंडी सांगाड्याचे दोन वायपर आले.

मला ते नको होते. शहरातल्या एका दुकानात मी नवे, बिनसांगाड्याचे वायपर पाहिले होते. एकसंध काळी पट्टी, हलका बाक, दिसायला देखणी. अधिकाऱ्याला बाहेरून नमुना आणून स्टोअरकडून मंजूर करून घेण्याची मुभा होती. मी एक जोडी आणली आणि काउंटरवर ठेवली.

त्यांनी नख ओढलं. रबराला नावं ठेवता येईनात, तेव्हा पट्टी डोळ्यासमोर आडवी धरली आणि उठल्या. "चला, जीपपाशी."

बाहेर उन्हात चार ड्रायव्हर बसले होते. रामसेवकही होता. मॅडमनी नवी पट्टी दांडीला बसवली, दांडी काचेवर टेकवली आणि रजिस्टरमधला एक कागद पट्टीखाली सरकवला. दोन्ही टोकांना कागद अडकला. मध्यावर मात्र तो अलगद आरपार गेला.

"ही पट्टी बाकदार काचेसाठी आहे," त्या म्हणाल्या. "ही काच सपाट. दांडीची स्प्रिंगही म्हातारी. मधला भाग काचेस टेकणार नाही."

मी ते पाहिलं होतं. आज कबूल करतो, मला ते त्याच क्षणी पटलंही होतं. मी इंजिनियर आहे, मला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण त्यांनी कागदाची घडी केली आणि ड्रायव्हरांना ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत विचारलं, "मेहमान जी, गाडी कौन चलाता है, आप या रामसेवक?" ड्रायव्हर हसले. रामसेवक हसला नाही, पण मला तेवढा फरक करण्याची शुद्ध नव्हती.

मी म्हणालो की गाडी माझ्या विभागाची आहे आणि मला हेच वायपर हवे आहेत.

त्यांनी वाद घातला नाही. आत जाऊन मागणीची पर्ची काढली, तिच्यावर 'स्टोअरची हरकत असताना, स्वतःच्या पसंतीने' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवली. मी इतक्या रागाने सही केली की कागद फाटायचा राहिला. नवे वायपर जीपला लागले. मी जिंकलो होतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बरुआसागरहून परत येत होतो. दुपारचे चार वाजले असतील. तिथल्या तलावाच्या पुढे पाऊस असा कोसळू लागला की समोरचं झाड दिसेना. वायपर फिरत होते. काचेच्या वरच्या आणि खालच्या भागातलं पाणी निघत होतं, आणि मध्ये वीतभर रुंदीचा पट्टा तसाच पाण्याने भरलेला राहत होता, नेमका रामसेवकच्या डोळ्यांसमोर. तो कधी वाकून खालून बघत होता, कधी मान वर करून. शेवटी म्हणाला, साहब, दस मिनट रुक जाएँ, पानी थम जाए. मी घड्याळ पाहिलं. पाच वाजता कारखान्यात मीटिंग होती. मी म्हणालो, चलते रहो.

दूधवाला सायकलवर होता. दोन्ही बाजूंना कॅन. तो आम्हाला दिसला तो आदळल्यावरच.

त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. आम्हीच त्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि इस्पितळात नेलं. सगळा रस्ता तो आपल्या सांडलेल्या दुधाबद्दल बोलत होता, पायाबद्दल नाही. तो वाचला, उपचार कारखान्याने केले. पण आजही तो पाय ओढत चालतो.

दुसऱ्याच दिवशी रामसेवकला निलंबित केलं. तीन जणांची चौकशी समिती नेमली आणि माझ्याकडे लेखी जबाब मागितला. मी टेबलाशी बराच वेळ बसलो. मग लिहिलं की पाऊस जोराचा होता आणि अशा पावसात चालकाने वेग आवरायला हवा होता. प्रत्येक शब्द खरा होता. वायपरचा उल्लेख नव्हता. गाडी थांबवू का असं त्याने विचारलं होतं, त्याचाही नव्हता.

चौकशीच्या दिवशी रामसेवक दाराशी उभा होता. त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की दिसलं नाही. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. थांबण्याबद्दल तो बोलेल म्हणून मी घाम पुसत होतो. तो बोलला नाही. लहान माणसाने साहेबाविरुद्ध बोलून काय होतं, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

समिती उठायच्या बेतात असताना त्या आत आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. अध्यक्षांनी अदबीने विचारलं, "कहिए भाभीजी, इस मामले में आपकी क्या राय है?"

"राय नहीं है," त्या म्हणाल्या. "पर्ची है."

पर्ची टेबलावर ठेवली. जीपवरून काढून आणलेली नवी पट्टीही शेजारी ठेवली, आणि कागदाचा एक तुकडा. अध्यक्षांनी जीप बघायला यावं, असं सांगितलं. सगळे खाली गेले. पट्टी पुन्हा दांडीला लावली आणि अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने कागद तिच्याखालून आरपार नेला. मी मागे उभा होतो. त्या माझ्याकडे वळून बघतील असं मला वाटत होतं. बघितलं नाही.

रामसेवक कामावर परत आला. मला लेखी ताकीद मिळाली आणि माझी बढती लांबली.

मी त्यांचा तिरस्कार करू लागलो. शब्द मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही. कॉरिडॉरमध्ये त्या दिसल्या की मी दुसऱ्या जिन्याने जायचो. घरी बायकोला सांगायचो की त्या बाईने सूड घेतला. ती म्हणायची, कशाचा सूड, तुम्ही त्यांचं काय केलं होतंत? ते ऐकून मला आणखी चीड येई.

दीड-दोन वर्षांनी एकदा स्टोअरमध्ये आम्ही दोघंच होतो. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "एका वायपरसाठी तुम्ही माझं नाव खराब केलंत."

त्या काउंटरवरचे लोखंडी पाने मोजत होत्या. मोजणं पुरं केलं, आकडा लिहिला, मग म्हणाल्या, "वायपरचं मी विसरले असते, पाहुणे. चूक होते. पण त्या रामसेवकचं नाव तुम्ही कागदावर कसं घातलंत?"

मी निघून आलो.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ ठेवला होता. चार भाषणं व्हायची होती. दुसरं चालू असताना त्या उठल्या, शाल खुर्चीवर ठेवली आणि बस चुकेल म्हणून निघून गेल्या. तिसरं भाषण माझं होतं. माझ्या खिशात लिहून आणलेला कागद होता. त्यात काय होतं ते सांगत नाही, चांगलंच होतं.

पुढे मी स्वतःची गाडी घेतली. मागच्या वर्षी जूनमध्ये तिचे वायपर बदलायला दुकानात गेलो. दुकानदाराने पट्टी लावली आणि नकळत मी खिशातलं जुनं बिल काढून तिच्याखाली सरकवून पाहिलं. कागद टोकापासून टोकापर्यंत नीट अडकला. दुकानदार म्हणाला, हे कुणी शिकवलं तुम्हाला? मी पैसे दिले आणि तसाच गाडी घेऊन खंडेराव गेटला गेलो.

दार त्यांनीच उघडलं. बारीक झाल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणालो की मला तुमची माफी मागायची आहे.

त्यांनी मला पुरतं न्याहाळलं. "रामसेवककडे गेला होतात?"

"नाही."

"मग इथे कशास आलात? आधी तिकडे जा. मग या." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, पण पाणीही विचारलं नाही.

मी लगेच गेलो असतो तर ही गोष्ट वेगळी झाली असती. बबीना म्हणजे काही दूर नाही, पाऊण तासाचा रस्ता. पण पाऊस लागला, मग दिवाळीत आम्ही सांगलीला गेलो, मग मुलीची परीक्षा आली. खरं कारण यातलं एकही नव्हतं. उंबऱ्यावर मिळालेली वागणूक मला टोचत होती. गेलो तो एप्रिलमध्ये, दहा महिन्यांनी.

रामसेवक आता निवृत्त आहे. छावणीच्या मागे लहान घर, पुढे अंगण. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेवर बसला. मी वाटेत पाठ केलेलं सगळं बोललो. तू थांबायला म्हणाला होतास, मी चलते रहो म्हणालो, आणि नंतर दोष तुझ्यावर लिहिला. वायपर वाईट आहेत हे मला आधीच माहीत होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "हमें मालूम है साहब. हम तो वहीं बैठे थे."

आणि आत चहा सांगितला.

 मी म्हणालो की खरं तर भाभीजींनीच मला तुझ्याकडे पाठवलं, आता त्यांच्याकडे जाऊन सांगणार आहे. त्याने मान हलवली. भाभीजी होळीच्या आधीच वारल्या, म्हणाला. तापाचं निमित्त झालं. तो स्वतः पोचवायला गेला होता, माणसं फार नव्हती.

मग मी म्हणालो की तुझ्यावर त्यांची फार माया असणार, तुझ्यासाठी त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

रामसेवकला खरंच नवल वाटलं. "माया? हमसे तो उनकी बोलचाल ही बंद थी. उस हादसे के भी पहले से."

स्टोअरचा एक पाना परत द्यायला तो विसरला होता. आठ दिवसांनी घेऊन गेला तर त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, अब रख लो. त्यानंतर त्याच्या चिठ्ठ्यांवर सामान मिळे, शब्द मिळत नसे. चौकशीनंतर तो पाया पडायला गेला होता. त्यांनी पाय मागे घेतले आणि दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारली.

चहा आला. आम्ही दोघं तो पिऊ लागलो. त्यांच्याबद्दल एखादा चांगला शब्द बोलावा असं दोघांच्याही मनात असावं, पण सुरुवात कोणी करेना. अंगणातलं ऊन सरकत माझ्या पायांपर्यंत आलं. तेव्हा रामसेवक उठला, खाटेवरची चादर झटकली आणि सावलीत माझ्यासाठी जागा केली.