इंजिन गारठलं त्या सकाळी

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे त्या काळात मला कोणी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. आमचा पहिला मुलगा तापानं गेला, त्यानंतर मी देवाशी भांडलो नाही, पण बोलणंही ठेवलं नाही. यमुना, माझी पत्नी, मात्र रोज सकाळी अंगणातून गडाकडे हात जोडायची. रामटेकजवळच्या तलावावर मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो आणि कालव्याच्या काठावरच आम्हाला बंगली मिळालेली होती. तिथून गडावरचं रामाचं देऊळ समोर दिसे. मी ते रोज बघत असे, जसं माणूस समोरच्या झाडाकडे बघतो तसं.

लढाईची वर्षं होती. पौष महिना, आणि त्या वर्षी थंडी अशी पडली होती की सकाळी तलावावरून धुकं उठायचं आणि कालव्याचा पलीकडचा काठसुद्धा दिसायचा नाही. त्याच दिवसांत आमच्या सुमीचा घसा धरला. पाच वर्षांची पोर. आधी वाटलं, सर्दी असेल. यमुनेनं हळदीचं दूध दिलं, लेप लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी चमच्याने जीभ दाबून आत पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. घसा आतून पांढरा पडला होता. घटसर्प आहे, म्हणाले, यावरचं इंजेक्शन इथे नाही, उजाडताच नागपूरच्या मोठ्या इस्पितळात न्या, गाडीची वाट पाहू नका. आगगाडी दुपारी होती. बैलगाडीनं दिवस गेला असता.

माझ्याकडे मोटारसायकल होती. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली, जुनी, जड, शेजारी साइडकार जोडलेली. तिचा दिवा कधीचाच फुटलेला होता, म्हणून रात्री त्या धुक्यात निघणं शक्य नव्हतं. ती रात्र यमुनेनं सुमीला बसतं धरून काढली, कारण आडवी केली की तिचा जीव घाबरा व्हायचा. मी नुसता खिडकीशी उभा होतो.

फटफटलं तसं मी सुमीला रजईत गुंडाळलं, यमुनेला साइडकारमध्ये बसवलं, मांडीवर पोर दिली आणि गाडीला किक मारली. काहीच झालं नाही. थंडीत हे फोर-स्ट्रोक इंजिन कुरकुर करतं हे मला ठाऊक होतं. आतलं तेल गोठल्यासारखं घट्ट होतं, किक निम्म्यातच अडते. कार्ब्युरेटरवर एक बारीक कळ असते, ती दाबली की पेट्रोल वर येतं आणि इंजिन पकडतं. मी कळ दाबली, किक मारली. पुन्हा दाबली, पुन्हा मारली. इंजिननं एकदा खोकल्यासारखं केलं आणि गप्प झालं. मग मात्र माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मी कळ दाबतच गेलो, लाथ मारतच गेलो. बोटांवरून पेट्रोल ओघळू लागलं. एकदा किक उलटली आणि नडगीवर अशी बसली की डोळ्यांसमोर अंधारी आली. ढकलून पाहावी म्हटलं, तर साइडकारसकट ती मला एकट्याला रेटेना. त्या कडाक्यात माझ्या कपाळावरून घाम वाहत होता, आणि शेजारून, साइडकारमधून, तो शिट्टीचा आवाज येतच होता. प्रत्येक किकेनंतर मी थांबून तो ऐकायचो. ऐकू आला की पुढची किक.

यमुना एकदाच बोलली. "अहो, हिचे ओठ बघा." मी बघितले नाहीत. माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात धुक्यातून कालव्याच्या वाटेनं एक म्हातारी आली. नऊवारी गुडघ्याशी खोचलेली, खांद्यावर घोंगडी, डोक्यावर गाठोडं आणि हातात एक मडकं. मडक्यात गोवरीचा विस्तव होता. बेसा गावाहून पायी गडावर चालले, असं तिनं नंतर विस्तवापाशी यमुनेला सांगितलं. ती थांबली, आधी आमच्याकडे पाहिलं, मग साइडकारजवळ जाऊन सुमीच्या पायाला हात लावला. काही न विचारता ती जरा बाजूला, बांधाच्या आडोशाला बसली, वाळक्या काड्या गोळा केल्या आणि विस्तव पेटवला. यमुनेला म्हणाली, "आण वं माय, लेकरू गारठून राहिलं. इथं बस."

यमुना पोरीला घेऊन तिच्याजवळ गेली. मी लाथा मारतच होतो. म्हातारीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं असावं. मग ती म्हणाली, "काहून मारून राहिला गा तिले? लाता मारून कोणी उठते काय? घडीभर सोड तिले. ये, पोरीजवळ बस."

मला राग आला होता, हे खरं आहे. एकेक क्षण जात असताना ही बाई मला बसायला सांगते! पण पाय उचलायला गेलो तर तो उचलेना. मी हँडल सोडलं आणि विस्तवापाशी जाऊन अक्षरशः कोसळलो. सुमीनं डोळे उघडले आणि तिची गरम बोटं माझ्या मनगटावर ठेवली. तिला बोलता येत नव्हतं. त्या क्षणी माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणालो, रामा, माझ्यानं होत नाही. ही तुझी आहे. नेतोस तर ने, ठेवतोस तर ठेव. किती वर्षांनी मी त्याच्याशी बोललो, हेही तेव्हा ध्यानात आलं नाही.

असं किती वेळ बसलो, सांगता येत नाही. फार नसेल. विस्तवाच्या उबेनं बोटांत जीव आला आणि त्याबरोबर डोक्यातही. गाडी देताना साहेबानं सांगितलेलं आठवलं, की थंडीत ठिणगी पाडणारा प्लग काढून तापवावा. मी उठलो, हात मातीत घासून पुसले, प्लग काढला. तो पेट्रोलनं निथळत होता. माझ्याच घाईनं मी इंजिन पेट्रोलात बुडवून ठेवलं होतं. दूर नेऊन प्लग कोरडा पुसला, निखाऱ्यांच्या कडेला तापवला. तेवढ्या वेळात उघड्या भोकातून आतलं पेट्रोलही उडून गेलं असावं. प्लग फडक्यात धरून परत बसवला. या खेपेस कळ दाबली नाही. हळूच, पायानं चाचपत, किक खाली नेली आणि मग एकदाच मारली.

इंजिन एकदा धडधडलं, अडखळलं, आणि लागलं.

यमुना पोरीला घेऊन धावत आली. मी म्हातारीकडे वळून काहीतरी बोलायला गेलो, तर तिनं हातानंच जा म्हटलं. "हळू जाय गा बापू," एवढंच. मागे पाहिलं तेव्हा धुक्यात नुसता विस्तव लाल दिसत होता.

कामठी मागे पडेपर्यंत मी तो श्वास ऐकत होतो, इंजिनच्या आवाजात तो ऐकू येत नव्हता तरीही. इस्पितळात नर्सनं सुमीला माझ्या हातून घेतलं आणि दार लागलं. मी व्हरांड्यात बसलो. आतून एकदा भांडं पडल्याचा आवाज आला, पण मी उठलो नाही, दार ठोठावलं नाही. यमुना शेजारी जप करीत होती. मला जप येत नव्हता. मी नुसता बसून होतो. बसता येत होतं, एवढंच.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. इंजेक्शन दिलं होतं, घसा थोडा मोकळा झाला होता, रात्र काढली तर भीती नाही, म्हणाले. सुमीनं ती रात्र काढली. पुढे काही दिवसांनी तिनं बसलेल्या आवाजात संत्रं मागितलं, तेव्हा यमुना तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

त्या म्हातारीला मी नंतर शोधलं. बेशाला जाऊन आलो, गडावरही विचारलं. पौषात अशा कितीतरी बाया येतात, लोक म्हणाले, कोणती सांगावी? त्यावर मी फार खल केला नाही. ती कोण होती हे मला माहीत नाही. प्लग कोरडा झाला म्हणून गाडी लागली, हे मला चांगलं माहीत आहे. पण मला गाडीपासून सोडवून विस्तवापाशी कोणी बसवलं, हे विचारलं तर माझ्याजवळ एकच नाव आहे, आणि ते मी आता रोज घेतो.

प्रयत्न सोडावा असं मी म्हणत नाही. प्लग मलाच काढावा लागला. पण हँडल आवळून धरलेल्या हातांना कोणी काही देऊ शकत नाही. हात जोडायचे झाले तरी ते आधी मोकळे व्हावे लागतात.